हात थांबला का?

माझ्या हातचं जेवण भयंकर असतं, हे अर्ध्या महाराष्ट्राला माहीत आहे. उरलेल्या अर्ध्याच्या घरी बहुतेक टीव्ही नसावा.

नागावला नारळी-सुपारीच्या वाडीत माझं छोटंसं होमस्टे आहे. शनिवार आला की मुंबईची माणसं मांडव्याला बोटीतून गाड्या उतरवतात, इकडे येतात, बनाना बोटीवरून मुद्दाम पाण्यात पडून घेतात आणि मग भुकेजून माझ्या पडवीत येऊन बसतात. त्यातला एखादा तरी पहिला घास घेताना माझ्याकडे चोरून बघतो. मग बायकोच्या कानाशी लागतो. मग ती बघते. वाढायला गेले की प्रश्न ठरलेला, "आमची ही म्हणजे तुम्हीच ना?" मी म्हणते, "हो, मीच. आमटी वाढू?" एका पुण्याच्या बाईंनी जाताना अभिप्राय दिला, "जेवण उत्तम. विनोदात सांगतात तसं अजिबात नाही." मी त्यांना खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या. रागवायचं तरी कुणावर?

माझा पूर्वीचा नवरा विनोदी नट. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. स्टेजवर यायचा, सदऱ्याच्या बाह्या सारख्या करायचा आणि म्हणायचा, "आमची ही..." तेवढ्यावरच लोक हसायला लागायचे. आमची ही पाहुणे आले की भिंतीवरचं घड्याळ पुढे करते. आमची ही चहात साखर घालत नाही, साखरेची नुसती आठवण काढते. आमची ही भांडण झालं की वालाचं बिरडं करते, कारण एकेक दाणा सोलताना तिला त्यात मी दिसतो.

यातली घड्याळाची गोष्ट खरी आहे. त्याचा एक मामेभाऊ यायचा तो उठायचाच नाही, दुसरा इलाज नव्हता. बिरड्याची गोष्ट मात्र अर्धीच खरी. बिरडं मी सारखं करायचे, पण भांडण झालं म्हणून नव्हे. त्याचं काम चालावं म्हणून.

त्याचं असं आहे की मी हसत नाही. विनोद मला कळतो, चांगला कळतो, पण तो चेहऱ्यापर्यंत येत नाही. आमच्या घराण्यातच ते आहे. माझे वडील सर्कशीतल्या विदूषकाकडे डॉक्टरनं पेशंटकडे बघावं तसे बघायचे. लग्नाआधी आम्ही एकाच हौशी नाटक मंडळीत होतो, तेव्हाच त्याच्या हे लक्षात आलं. सगळी मुलं-मुली त्याच्या नकलांवर लोळायची आणि मी शांतपणे मेकअपची पेटी आवरत असायचे. पुढे त्यानं मला विचारलं तेव्हाही प्रेमाबिमाचं काही बोलला नाही मेला. म्हणाला, "तू हसलीस तर महाराष्ट्राला हसवायला मला काय लागतंय?"

डोंबिवलीला आमच्या दोन खोल्या होत्या. माहेरून, म्हणजे इथूनच, वर्षाचे वाल यायचे, कडवे. रात्री भिजवायचे, मोड आणायचे, गरम पाण्यात टाकायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहतं, डाळ परातीत पडते. किचकट काम, पण डोकं मोकळं राहतं. मी परात घेऊन बसले की हा समोर पाट ओढायचा आणि नवा विनोद म्हणून दाखवायचा. माझ्या तोंडाकडे कधी बघायचा नाही. बघायचा हातांकडे. एखादा विनोद खरोखर लागला की माझी चिमूट दाणा धरून तशीच राहायची. मला स्वतःला ते कळायचंसुद्धा नाही. त्यानंच पहिल्यांदा सांगितलं, "थांबला! हात थांबला!" आणि घरभर नाचला. तेव्हापासून तो आमच्या घरचा कायदा झाला. हात थांबला तर विनोद पास. हात चालू राहिला तर परत लिही.

काम संपलं की माझ्या बोटांची टोकं काळपट व्हायची, सुरकुतायची. मग तो लिंबाची फोड घेऊन एकेक बोट घासून द्यायचा, काही न बोलता. त्या एका गोष्टीवर मी त्याची कितीतरी उलटीसुलटी वागणूक खपवून घेतली असेल.

मग मोडलं कशानं? लोक विचारतात, आणि त्यांना काहीतरी चमचमीत हवं असतं. तसलं काही नव्हतं. माझे वडील गेले. मी रडत होते आणि रडताना माणूस वेडंवाकडं बोलतं तसं काहीतरी त्यांच्या चष्म्याबद्दल बोलले. हा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. मध्येच त्याचा हात मंदावला. मी वर बघितलं. तो ते वाक्य लक्षात ठेवत होता. पुढच्याच प्रयोगात ते होतं. मी विंगेत उभी होते. नाट्यगृह नुसतं गडगडलं. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! आणि सगळ्यात वाईट म्हणजे विनोद चांगला होता. मी घरी येऊन भांडले नाही, बॅग भरली. पुढे वकील, कागद, सह्या. मूल नव्हतं, त्यामुळे वाटणी झाली ती भांड्यांची. परात मी आणली.

तो वाईट माणूस होता का? छे. त्याला जे दिसेल ते विनोदाचंच दिसायचं, एवढंच. सुताराला कुठलंही झाड बघून त्यात पाट दिसतो, त्याला काय करणार? पण झाड होऊन राहायचा मला कंटाळा आला होता.

नागावला परत आले तर इथे वेगळीच पंचाईत. कागद झाले ही खबर गावाला पोचली होती, पण गावानं ती मनावर घेतली नव्हती. पहिल्या संक्रांतीला प्रश्न निघाला, हिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही? आळीतल्या बायकांची मोठी सभा भरली. शेवटी माझ्या स्वयंपाकघरात मदतीला येते ती मावशी सगळ्यांना म्हणाली, "काल टीवीवर बगला मी तिचा नवरा. धडधाकट हाय. मग कुकू लावायला काय झाला?" झालं, निकाल लागला. तेव्हापासून मी सवाष्ण आहे, ती टीव्हीच्या जोरावर. आणि तो आजही गावाचा जावई आहे.

आमचं बोलणं काही महिने बंद होतं. मग एकदा त्याचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाला, "परात घे." मी म्हटलं, "लाज नाही वाटत?" म्हणाला, "वाटते. पण इथे कुणी खरं सांगत नाही." मी फोन बंद केला. आणि मग, काय करू, वाल भिजवले. दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून परात घेऊन बसले. तो सांगायचा आणि मग विचारायचा, "हात थांबला का?" मी खरं ते सांगायचे. माझ्या वडिलांवरचं वाक्य त्यानं त्या पहिल्या प्रयोगानंतर पुन्हा कधी घेतलं नव्हतं, हेही मला पुढे कळलं. त्यानं सांगितलं नाही. त्याच्या आताच्या बायकोनं सांगितलं.

या बाईबद्दल दोन शब्द सांगते. रीतीप्रमाणे मी तिला सवत म्हणायला हवं. पण ती इतकी साधी आणि सरळ की सवत म्हणायला जीभ वळत नाही. मी तिला धाकटी म्हणते, ती मला ताई म्हणते. आंब्याच्या दिवसांत माझ्याकडून आमरस नेते आणि नवऱ्याच्या तक्रारी ठेवून जाते. त्या मला पाठच असतात, तरी मी ऐकून घेते.

तिचाच फोन आला, गेल्या थंडीत. तो आजारी पडला होता हे मला ठाऊक होतं. मेंदूत रक्ताची गाठ झाली, वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून हातपाय वाचले. मी जाऊन बघून आले होते. पण तेव्हा तो झोपलेला होता. आता धाकटी सांगत होती, "ताई, शब्द अडतात त्याचे. वस्तू समोर दिसते, काय आहे ते कळतं, नाव तोंडाशी येतं आणि तिथेच बसून राहतं. पुढच्या महिन्यात मुंबईला प्रयोग लावून घेतलाय त्यानं. आम्ही नको म्हटलं. ऐकतो का? घरी सगळं म्हणून दाखवतो आणि आम्ही सगळे हसतो. मग चिडतो, म्हणतो, तुम्ही आजारी माणसाला हसताय, विनोदाला नाही. ताई, तो तुमच्याकडे यायचं म्हणतोय. म्हणाला, तिच्यासमोर करतो. तिथे जमलं तर उभा राहीन, नाहीतर परत कधीच नाही." जरा थांबली आणि मग म्हणाली, "ताई, ते 'कधीच नाही' म्हणतो ना, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही मला."

त्या माणसाला मी सगळ्यात जास्त ओळखते. त्याला ना देव, ना देश फिरायची हौस, ना पत्ते, ना पुस्तकं. लोक हसले की त्याचा दिवस उजाडतो. ते गेलं तर तो जिवंत राहील, पण नुसता खुर्चीत बसलेला राहील.

ते दोघं आले. गाडी धाकटीनंच चालवली. गाडीतून उतरला तर हा एवढासा झालेला, मफलर गुंडाळून. मावशीनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "जावयबापू, सुकलाव वो." तो हसला. उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्द आला नाही, म्हणून मान हलवली. पूर्वी मावशीनं असं काही म्हटलं असतं तर तिला उत्तर ऐकून खाली बसावं लागलं असतं.

दुपारी मी मागच्या पडवीत परात घेऊन बसले. तो समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत. धाकटी दाराशी उभी. पुढच्या पडवीत पुण्याचं एक कुटुंब चहा-भजी खात बसलेलं होतं. त्यानं सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि सुरू केलं, "आमची ही..."

अहो, काय सांगू! त्याला कळत होतं की शब्द अडणार, म्हणून तो अडायच्या आत पळायला बघत होता. वाक्यं घाईघाईनं संपवत होता. घड्याळ हा शब्द आला नाही तर म्हणाला, "ते... भिंतीवरचं," आणि तसाच पुढे गेला. आता त्या विनोदातलं घड्याळच काढलं तर उरलं काय? भिंत! साखरेच्या विनोदात चहाच राहिला. कपाळावर घाम आलेला, डावा हात गुडघ्यावर घट्ट धरलेला, आणि तरी डोळे माझ्या हातांवर. मला ते बघवेना. बिरड्याच्या विनोदापर्यंत आला, "एकेक दाणा... सोलताना..." आणि पुढचं सगळंच गेलं. आणि मी हसले. मोठ्यानं हसले. मला सवय नाही, तो कसला आवाज निघाला माझं मला माहीत.

मावशी विहिरीकडून धावत आली. "काय झाला गो बाय? तुला बरं न्हाय काय?"

तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. मीही खाली बघितलं. माझे हात दाणे सोलत होते. पटापट, एकामागून एक.

"तू... पण?" तो म्हणाला. उठला, आत गेला आणि धाकटीला म्हणाला, "गाडी काढ."

मेलं हे काय करून बसले मी! सगळं जग त्याला खोटं हसत होतं म्हणून हा माणूस इथवर आला, आणि मी काय केलं? तेच. मी परात तशीच टाकून त्याच्या मागे पुढच्या अंगणात गेले. तो गाडीचं दार उघडायला बघत होता. मला वाईट वाटलं की मी भांडते, तसा माझा स्वभावच आहे.

"अरे, हसले तर काय बिघडलं? माणसानं हसूसुद्धा नये?"

"तू हसत... नाहीस."

"आज हसले!"

"दया... आली तुला."

"आली! आली दया! काय म्हणणं आहे? इतक्या वर्षांत पहिल्यांदा आली, तीही नको तुला? शहाणा आहेस मोठा!"

पडवीतलं पुण्याचं कुटुंब भजी हातात धरून बघत होतं. मावशी झाडू घेऊन उभी. तो लाल झाला. बोट माझ्याकडे रोखलं आणि गरजला, "तू... तू एक नंबरची..."

आणि शब्द अडला.

बोट तसंच हवेत. तोंड उघडं. आम्ही सगळे वाट बघतोय. धाकटीचे ओठ हलायला लागले, ती आता त्याला शब्द देणार, तेवढ्यात मी तिच्याकडे डोळे वटारले. नाटकाच्या तालमीत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, समोरचा नट अडला तरी तो स्टेजवर उभा आहे तोवर त्याचं वाक्य आपण तोडायचं नाही. पुण्याच्या गृहस्थांनी भजी ताटलीत खाली ठेवली. त्यांची बायको पुढे सरकून बसली. माझ्या मनात येऊन गेलं, आता काय निघतंय यातून, आणि पाहुण्यांसमोर!

"...सभ्य बाई आहेस!" तो ओरडला.

अशी शिवी मला जन्मात कुणी दिली नव्हती. पुण्याच्या गृहस्थांच्या नाकातून चहा आला. त्यांची बायको हसून हसून बाकावरून घसरली. मावशीला काय कळलं देव जाणे, पण तीही झाडू टाकून पोट धरून बसली. धाकटी गाडीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. ते कुणी दयेनं हसत नव्हतं. पुण्याच्या त्या दोघांना तर त्याच्या आजाराचा पत्तासुद्धा नव्हता.

तो वळून त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूच पायरीवर बसला आणि मला विचारलं, "हे... का हसले?"

"कप्पाळ माझं!" मी त्याच्या शेजारी बसले. "जन्मभर हसवत आलास आणि हे मी सांगू? तू थांबलास म्हणून हसले. सगळे तुझ्या बोटाकडे बघत बसले होते. मघाशी मागच्या पडवीत काय चाललं होतं तुझं? चोरासारखा पळत होतास शब्द चुकवत. थांबतोय तर थांब ना. त्यांना थांबू दे की जरा. थांबतील तुझ्यासाठी."

त्यानं गळ्यातला मफलर काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "आमची ही... गेली."

"हो. ती गेली," मी म्हटलं. "तिचे विनोद आता पुरे. जे झालंय ते सांग."

मग ते राहिले. धाकटीनं खोलीचा ताबा घेतला, मी वाल भिजवत राहिले. गावातली माणसं बघायला येत, जावयाला शहाळं देत, आणि हा मागच्या पडवीत बसून एकेक वाक्य घासत असे. पहिले दिवस वाईटच गेले. थांबायचं कुठे आणि अडायचं कुठे, हे त्याच्या हातात नव्हतं. कधी थांबायचं तिथे शब्द धाडकन येई आणि विनोद मरे. मग चिडायचा, मफलर फेकायचा. मी म्हणायचे, "उचल तो. मावशी तुझी नोकर नाही." मग उचलायचा, पुन्हा बसायचा.

आणि एका सकाळी त्यानं दवाखान्यातली गोष्ट काढली. डॉक्टर त्याला चित्रं दाखवून नावं विचारायचे. छत्री, चावी, कंगवा. त्यातलं काही आलं, काही नाही. मग डॉक्टरांनी धाकटीकडे बोट दाखवून विचारलं, या कोण? नाव सांगा.

"मी बघितलं," तो म्हणाला. "बायको होती. नाव..." थांबला. खूप थांबला. "नाव आठवत होतं. दोन आठवत होती. चुकलं तर... दोन्ही घरं बंद. मी गप्प बसलो. डॉक्टरांनी लिहिलं, वाचा गेली. वाचा कसली गेली? अक्कल आली!"

धाकटी म्हणाली, "ताई, हात!"

माझ्या चिमटीत दाणा तसाच होता. तो खुर्चीतून उठला. नाचायला काही आलं नाही त्याला, पण खुर्चीच्या पाठीवर ताल मात्र धरला.

मुंबईआधी कुठेतरी माणसांसमोर करून बघायला हवं होतं. चौलला संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, एका देवळाच्या सभागृहात, आजूबाजूच्या गावातल्या बायका येणार होत्या. मीच त्यांना विचारलं. म्हटलं, "आधी सांगते, तो मध्येमध्ये थांबेल." त्या म्हणाल्या, "थांबू दे की. आम्हाला कुठे घाई आहे? स्वयंपाक करून येतो."

सभागृह भरलं होतं. घटस्फोटानंतर मी त्याच्या कार्यक्रमाला कधी गेले नव्हते. तिसऱ्या रांगेत मी आणि धाकटी शेजारी बसलो. दोघींनाही हळदीकुंकू लावलं, दोघींच्या ओटीत वाण घातलं. लावणारी आधी गोंधळली, मग म्हणाली, जाऊ दे.

तो आला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. पहिला अडखळा आला तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माझ्या मागे कुणीतरी "अरेरे" म्हटलं. तो पळाला नाही. उभा राहिला. शब्द आला, आणि पाठोपाठ हशा आला. मग त्यांना कळलं, या माणसाबरोबर असंच चालायचं असतं. दवाखान्याच्या गोष्टीला तर एक म्हातारी उठून उभीच राहिली. मला इतका आनंद झाला की मी धाकटीच्या पाठीत धपाटा घातला.

मग तो आमच्या गोष्टीकडे वळला. हे वाक्य पडवीत शंभरदा घोटलं होतं. लोक विचारतात, कागद झाले, दुसरं लग्न झालं, मग आता नागावला कशाला जातोस, ती तुझी कोण? मी म्हणतो, ती माझी परीक्षक आहे, अजून पास केलेलं नाही. असं ते होतं. चांगलं वाक्य होतं, मीच सुचवलं होतं.

"लोक विचारतात," तो म्हणाला, "ती तुझी कोण? मी म्हणतो, ती माझी..."

थांबला. बायका हसल्या. त्यांना आता सवय झाली होती. तो थांबलेलाच. बायका आणखी हसल्या, जरा मोठ्यानं. मग हसणं ओसरलं. मी त्याचा चेहरा बघितला आणि ओळखलं. हा थांबलेला नव्हता. हा अडला होता. शब्द गेला होता, पार गेला होता, आणि त्याची बोटं खुर्चीच्या पाठीवर पांढरी पडली होती. सभागृहात खुर्च्या वाजायला लागल्या. पुढच्या रांगेतली एक बाई टाळी वाजवून त्याला मोकळं करायला हात उचलत होती, मी वाकून तिचा खांदा दाबला.

धाकटीनं माझं मनगट घट्ट पकडलं. "ताई, सांगा ना. परीक्षक. हळूच सांगा."

तो माझ्याकडे बघत होता. मी ओठ हलवले असते तरी त्याला कळलं असतं. मी नाही हलवले. मनात म्हटलं, उभा आहेस ना अजून? मग उभा राहा.

"ती माझी..." तो पुन्हा म्हणाला. शोधलं. पुन्हा शोधलं. मग खुर्चीवरची बोटं सैल पडली, खांदे खाली आले.

"ती माझी," तो म्हणाला, आणि तिथेच वाक्य संपवलं.

कुणी हसलं नाही. कुठेतरी एका बांगडीचा आवाज झाला. तो पुढच्या गोष्टीकडे वळला, शांतपणे, जराही घाई न करता, आणि थोड्याच वेळात सभागृह पुन्हा हसायला लागलं. माझी म्हणणारा तू कोण, असं एरवी मी भर सभेत उठून विचारलं असतं. कोर्टात सही करून मोकळी झालेली बाई आहे मी.

धाकटीनं माझं मनगट सोडलं नव्हतं. रडवेली होऊन कानाशी लागली, "चुकलं ना हो ताई त्याचं?"

"नाही गं," मी म्हणाले. "पाठ केलं होतं त्यापेक्षा बरोबर आलं."